गारंबीच्या साठ बिया

दिग्गी ते जोयडा या मार्गावर प्रवासी नेणाऱ्या जीपगाडीची चावी नारायणअण्णांनी माझ्या हाती दिली, त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली होती. अण्णा हे रामनगरचे व्यापारी व गाडीचे मालक. मी, वासू, सातवीपर्यंत शिकलेला त्यांचा चालक. ऑईल वेळेवर बदलले जावे व इंजिन उघडण्याची पाळी येऊ नये; तशी पाळी आल्यास आपण गाडी रामनगरास नेऊन विकून टाकू, असे त्यांनी शांतपणे बजावले. गाडी गेली असती तर माझे पोट गेलेच असते. परंतु दिवसातल्या एका बसखेरीज दिग्गीच्या आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यास दुसरे वाहनही उरले नसते.

अडचण अशी होती की, किलोमीटर दाखविणारा मीटर पूर्वीच बंद पडलेला होता. तेव्हा मी स्वतःच्या अल्पबुद्धीने एक उपाय योजिला. जाऊन-येऊन एक फेरी ऐंशी किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि ऑईल पाच हजारांस बदलावयाचे असते. म्हणून प्रत्येक फेरीस गारंबीच्या शेंगेतील एक चपटी बी मी स्टिअरिंगजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकीत असे. साठ बिया भरल्या की गाडी जोयड्याच्या परशू मेस्त्रीच्या गॅरेजात न्यावयाची, डबा रिकामा करावयाचा, आणि पुनश्च पहिल्या बीपासून आरंभ. दोन वर्षे हा क्रम बिनचूक चालला.

मात्र आमच्याकडे एक रीत आहे. देवाच्या कामाची, आजाऱ्याची अथवा मयताची फेरी मोजावयाची नसते. तिचे भाडे घेत नाहीत, आणि ती कितव्यांदा केली याचा उच्चारही करीत नाहीत. अशा फेरीची बी मी डब्यात टाकीत नसे. एरवी अशा फेऱ्या दोन-चारच होत, त्यामुळे काही बिघडले नाही. यंदा मात्र देवळाचे छप्पर नव्याने घालावयाचे ठरले, आणि कौले, वाळू, सिमेंट हे सर्व माझ्याच गाडीतून येऊ लागले.

एके दिवशी सकाळी, जोयड्याच्या अलीकडील चढावर, इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागला. डब्यात सत्तावन्न बिया होत्या. मी प्रवाशांना उतरविले आणि गाडी हळूहळू परशूच्या गॅरेजात नेली. त्याने खालचे बूच काढले. पातेल्यात जे पडले, ते बोटांत चोळून त्याने माझ्याकडे पाहिले.

"वासू, हे ऑईल हाय का डांबर?"

अद्याप तीन बिया उरल्या आहेत, असे मी म्हणालो.

"बिया खोटं बोलत न्हाईत. टाकणारा बोलतो."

तदनंतर त्याने गांभीर्याने समजावून सांगितले. गाडी आठ हजारांच्या आत चालली असेल, तर नवे ऑईल व फिल्टर घालून निभावेल. त्याहून अधिक चालली असेल, तर इंजिन खोलल्यावाचून तो ती रस्त्यावर सोडणार नव्हता. खरा आकडा आण, असे सांगून त्याने हात पुसले. खरा आकडा सांगावयाचा म्हणजे न मोजावयाच्या फेऱ्या मोजणे आले. मी बसने दिग्गीस परतलो.

सायंकाळी देवळापुढे माणसे जमली होती. मी लखू गावकरांच्या पुढ्यात डबा ठेवला आणि सर्व वृत्तांत कथन केला. गावकर हे गावातील वडीलधारे. देवाचा मान त्यांच्याकडे असतो. त्यांनी मान हलविली. देवाची फेरी मोजली तर ती देवाची राहत नाही, असे ते म्हणाले.  कुणी मजकडे पाहीना.

तेव्हा मागे बसलेली केशरअक्का बोलली. तिचा नवरा आषाढात वारला होता.

"माज्या घरच्यास्नी तू नऊ डाव नेलंस, वासू. आठ डाव ते बोलत परत आले. नवव्या डावाला बोलले न्हाईत." मग ती गावकरांना म्हणाली, "मी रोज मोजते, दादा. त्यानं माजं पुण्य गेलं का?"

गावकरांनी नव्या छपराकडे पाहिले.

"देवानं भाडं मोजू नको म्हटलं," ते म्हणाले. "चाकाला तसं कुणी सांगितलं न्हाई."

यानंतर जो तो आठवू लागला. कौलांच्या अकरा फेऱ्या गावकरांनी स्वतःच सांगितल्या. वाळूच्या सात, सिमेंटच्या सहा. बाळंतिणीच्या व तापकऱ्यांच्या मिळून पाच. मला वाटले होते त्याहून लोकांना पुष्कळ स्मरत होते. कोणत्या फेरीस पाऊस होता, कोणत्या फेरीस गाडी चिखलात रुतली होती, हेही. केशरअक्काच्या नऊ धरून एकंदर अडतीस झाल्या. डब्यातील सत्तावन्न मिळविता पंच्याण्णव. म्हणजे सात हजार सहाशे किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी परशूने हा आकडा ऐकला, क्षणभर मनाशी काही जुळविले आणि फिल्टरचा नवा खोका फोडला. ऑईल भरून गाडी सुरू केली. टकटक प्रथम होती, मग विरळ झाली, मग ऐकू येईनाशी झाली. परशू मात्र झाकणावर कान लावून आणखी बराच वेळ उभा होता. "वाचलास," एवढेच तो म्हणाला.

तेथूनच मी अण्णांना फोन लावला आणि काहीही न लपविता सर्व सांगितले. पलीकडे दुकानातल्या तराजूचा खणखणाट ऐकू येत होता.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं काय रे?" अण्णांनी विचारले.

"न्हाई, अण्णा."

"मग गाडी तुझ्याकडंच राहू दे. मी बेळगावात मीटर शोधतो. तोवर बिया टाक. पण समद्या टाक."

पुढील आठवड्यात देवळाची घंटा आणावयाची होती. येताना लखू गावकर घंटा मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या आसनावर बसले होते. आम्ही दिग्गीस पोहोचलो, तेव्हा उतरण्यापूर्वी त्यांनी कनवटीतून गारंबीची एक बी काढली, ती कपाळाला लावली, आणि डब्यात टाकली.