त्यांचा हात लागला असेल

सासरी मी 'कॉम्प्युटरमधला माणूस' आहे. प्रत्यक्षात मी एका कंपनीच्या मदत केंद्रात फोन घेतो आणि पडद्यावर लिहून दिलेले सहा प्रश्न लोकांना वाचून दाखवतो. वायर नीट बसली आहे का, बंद करून पुन्हा चालू केलं का, असले. सहावा प्रश्न संपला की फोन वरच्या माणसाकडे जातो. हे सासरी कुणाला ठाऊक नाही. अकरा वर्षांत सांगायचे प्रसंग पुष्कळ आले, पण दर वेळी मी गप्प बसून मान मिळवला.

त्यामुळे बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वाचनालयातला जुना कॉम्प्युटर परस्पर माझ्या गळ्यात मारला, यात दोष त्यांचा नव्हता. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं एका खिडकीएवढ्या दुकानात बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झालं तेव्हा महिनाभर दाढीसुद्धा करत नव्हते. मग वाचनालयाने त्यांना पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी करायला बोलावलं आणि माणूस पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालू लागला. दोन बोटांनी टाइप करायचे, पण चूक शोधून सापडायची नाही. एक दिवस तो कॉम्प्युटर चालूच होईना. नोंदींची प्रत सुरक्षित होती, फक्त मशीनमध्ये नवी सिस्टीम टाकायला हवी होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर नोंदी दुसऱ्या शाखेत पाठवू. मग इथे टेबलावर माणूस लागणार नाही."

"माझे जावई करून देतील," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी मी पेन ड्राइव्ह घेऊन ऐटीत गेलो. बाबांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण मागे स्टुलावर बसले. सिस्टीम चढायला लागली, दहा टक्के, वीस टक्के, आणि सत्तावीसवर थांबली. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की फाइलीवरची डिजिटल सही, म्हणजे ती अस्सल असल्याची कंपनीची खूण, अजून लागू झालेली नाही. फाइल खराब असणार म्हणून मी ती पुन्हा उतरवून घेतली. पुन्हा सत्तावीस. पेन ड्राइव्ह बदलला, केबल बदलली, झाकण उघडून फुंकर मारली. दर वेळी प्लग काढायचा, घालायचा, आणि सत्तावीसवर येऊन हात चोळत बसायचं.

"जावईबापू, एक विचारू का?" बाबा म्हणाले. "सुरुवातीला वर कोपऱ्यात तारीख येते ना, ती वीस वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही प्लग काढलात की दर वेळी तिथेच जाते. एक जानेवारी."

"त्याचा काही संबंध नाही, बाबा."

"नाही, म्हणजे घड्याळ असं मागे पडतं तेव्हा..."

"हे घड्याळ नाहीये, बाबा."

मी हे इतक्या जोरात म्हणालो की पेपर वाचणारे दोघे मान वर करून बघायला लागले. बाबा स्टुलावर मागे सरकून बसले.

एक वाजता बाई टेबलापाशी आल्या. "काय झालं हो?" माझे सहाही प्रश्न संपले होते आणि फोन द्यायला वरचा माणूस नव्हता. मदरबोर्ड गेलाय, असं मी ठोकून दिलं. तो मी धड पाहिलाही नव्हता.

"असा अचानक कसा गेला?" बाईंनी विचारलं.

त्या क्षणी मला नुसतं 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "बाबांचा हात लागला असेल कुठेतरी. या वयात काहीतरी भलतंच दाबलं जातं."

ज्या हातांनी चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, त्या हातांबद्दल मी बोलत होतो. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "हो, लागला असेल."

रविवारी मला घास गोड लागला नाही. बायकोने विचारलं तेव्हा मशीनच जुनं आहे म्हणून मोकळा झालो. तिच्या वडिलांवर काय ढकललं ते सांगायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी बाबांचा फोन आला. "जावईबापू, झालं ते. बघायला येता?"

वाचनालयाची एक किल्ली त्यांच्याकडे असते. ते लवकर जाऊन बसले होते. कॉम्प्युटर सुरू होता, नवी सिस्टीम झकास चालत होती. प्लग काढल्यावरही तारीख चालू ठेवणारा आतला गोल सेल संपला होता, एवढीच भानगड. तसाच सेल त्यांच्या दुकानाच्या जुन्या डब्यात निघाला. तो बसवून त्यांनी तारीख बरोबर लावली आणि माझ्याच पेन ड्राइव्हवरून सिस्टीम चढवली.

"मशीनच्या हिशेबाने ती सही अजून झालीच नव्हती," ते हसत म्हणाले. "आपण वीस वर्षं आधी जाऊन बसलो होतो. तुमचं बाकी सगळं बरोबर होतं हो."

मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई आल्या.

"अरे वा, झालं?"

"जावयांनी केलं," बाबा म्हणाले.

"नाही, नाही," मी म्हणालो. "मला जमलं नव्हतं. हे बाबांनी केलंय."

बाई हसल्या. "किती सांभाळून घेता हो सासऱ्यांना. असे जावई आता कुठे मिळतात?" मग बाबांकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "काका, आता मात्र मशीनला हात लावायचा नाही हं. नोंदी मी करत जाईन. तुम्ही कपाटात पुस्तकं लावा, तिथे खुर्ची ठेवायला सांगते."

शनिवारी मी खोटं बोललो, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि ते मला, खरं सांगायचं तर, हवंहवंसं वाटत होतं.

बाबांनी टेबलावरून चष्म्याची डबी आणि आपलं पेन उचललं, खुर्ची नीट आत सरकवली. "तुम्हाला ऑफिसला उशीर होईल," ते मला म्हणाले आणि कपाटांकडे गेले.

मी बाईंचा निरोप घेतला. बाबांचा घेतला नाही.