भिंतीकडे तोंड

"अगं, नाकाला चुना कसला लागलाय?" मी विचारलं.

आमची मोलकरीण हेस्टर स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीपाशी मटकन बसली. वरच्या मजल्यावर केवढी धावपळ चालली होती! लंडनहून आलेली पाहुणी तिला बघून किंचाळून कोसळली होती म्हणे.

"मी काही केलं नाही हो, टॅपस्कॉट बाई. पावलं ऐकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रोजच्यासारखी."

वेदर्ली हॉलची रीतच ती. घरचं कुणी किंवा पाहुणा समोरून आला की मोलकरणीने भिंतीकडे वळायचं, तोंड दाखवायचं नाही. हे लंडनच्या बाईला कोण सांगणार? दलदलीतून वर आलेलं धुकं, ओलीने काळवंडलेला लांबच लांब बोळ, टोकाला एकच मेणबत्ती आणि राखाडी कपड्यातली, तोंड नसलेली एक बाई. त्यात नाताळात या मंडळींचा धंदा काय, तर शेकोटीभोवती बसून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगायच्या. डोकी आधीच भरलेली. मग भूत दिसेल नाही तर काय!

थोड्या वेळाने साक्षात मालक खाली आले. मी इथे आल्यापासून थॉर्नबी साहेबांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. हात चोळत, खुशीत उभे.

"तुमच्यातली हेस्टर कोण?"

घ्या! वीस-बावीस वर्षं ही बाई रोज सकाळी त्यांची शेकोटी पेटवतेय, आणि विचारतात कोण!

साहेबांनी वर गोष्टही रचून टाकली होती. म्हणे, पणजोबांच्या काळात एका नवरीला त्या भिंतीत चिणलं होतं. एरवी आमच्याकडे पाहुणा टिकत नाही. खोल्यांना ओल, धुराडी तुंबलेली. आता सगळे नाताळाचे बाराही दिवस राहतो म्हणत होते.

"रोज दिवेलागणीला तिथेच उभं राहायचं," साहेब म्हणाले. "दिवसा खालून हलायचं नाही."

"पण साहेब, उद्या माझी सुट्टी आहे," हेस्टर खाली मान घालून म्हणाली. "आई फार आजारी आहे. वाट बघतेय."

"अगं, भूत कधी हातात टोपली घेऊन आईकडे जातं का? फाटकाशी कुणी पाहिलं तर सगळी मजा गेली. पाहुणे गेले की जा."

म्हातारी राहत होती बांधापलीकडच्या वस्तीत. हेस्टर तिची एकुलती एक. उन्हाळ्यानंतर मायलेकींची भेट नव्हती. म्हातारीसाठी बांधून ठेवलेली नाताळची वडी मी पुन्हा कपाटात ठेवली.

हेस्टर उभी राहायला लागली. पाहुणे एकमेकांना ढकलत बोळाच्या तोंडापर्यंत यायचे आणि चीत्कारत पळायचे. गारठ्याने तिचे पाय सुजले. रात्री मी गरम पाण्यात धरायची आणि साहेबांना तोंडभरून शिव्या घालायची, तर तीच म्हणायची, "हळू बोला, ऐकतील."

मग एका दुपारी मासे घेऊन जेबेझ डॅक आला, तिच्या आईचा शेजारी. टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "हेस्टर, आज निघ. म्हातारीने दारावरून नजर हलवलेली नाही. आजचा दिवस जाईल असं वाटत नाही."

हेस्टरने एप्रन सोडला आणि तडक वर निघाली. तीही पुढच्या, मालक-पाहुण्यांच्या जिन्याने. मी मागे धावले, पण तोवर ती थेट दिवाणखान्यात, चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली होती. सगळे दिवे लागलेले, सगळे पाहुणे समोर आणि हिचं तोंड उघडं.

साहेब पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता ती लंडनची बाई ओरडणार.

तिने मान वर केली, हेस्टरकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. लोणी संपलंय."

कुणी ओळखलं नाही हो! ओळखणार कशावरून? त्यांनी फक्त पाठ पाहिली होती. ती पहिल्याच दिवशी त्यांच्या नाकासमोरून आईकडे गेली असती, तरी कुणाला पत्ता लागला नसता.

साहेबांनी तिला दंड धरून बाहेर आणलं. मी म्हटलं, "साहेब, आता तरी सोडा तिला. ओळखलंय का कुणी?"

"तुम्ही बदक करपतंय का ते बघा," ते माझ्यावर खेकसले आणि तिच्याकडे वळले. "आज पाद्री मुद्दाम बघायला यायचेत. आजचा दिवस उभी राहा, मग माझी गाडी घेऊन जा."

जेबेझ दाराशी थांबून थांबून निघून गेला. हेस्टर उभी राहिली. पाद्रीबुवांनी बोळाच्या टोकावरून प्रार्थना पुटपुटली, पोटभर बदक खाल्लं, आणि धुकं फार म्हणून साहेबांची गाडी त्यांनाच पोचवायला गेली. हेस्टर बांधावरून चालत गेली.

पुढचं मला जेबेझने सांगितलं. म्हातारी दिवसभर दाराकडे बघत होती. दिवेलागण झाली तशी भिंतीकडे वळली. हेस्टर पोचली तेव्हा तशीच होती. पाठमोरी. हेस्टरला वाटलं, झोपलीय. कितीतरी वेळ तिने उठवलंच नाही.

माती देऊन ती परतली त्या दिवशी पाहुणे निघाले होते. लंडनची बाई म्हणत होती, असा नाताळ जन्मात झाला नाही. मी हेस्टरसाठी सुपाचा वाडगा घेऊन मागच्या बोळातून निघाले. समोरून तीच येत होती, काळ्या कपड्यात. माझी पावलं ऐकली आणि ती भिंतीकडे वळली.

"अगं, मी आहे," मी म्हटलं. "हेस्टर, मी आहे गं."

ती वळली नाही. माझ्या हातातलं सूप निवत गेलं.