आप्पांचं विलायती रिव्हॉल्व्हर

माझ्या लग्नात अक्षता पडताना आप्पा हवेत बार काढणार, हे त्यांनी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं. ही शहाण्णव सालची गोष्ट. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, कुण्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलेलं रिव्हॉल्व्हर आमच्या निरवांगीच्या घरी कपाटात होतं. लायसन होतं, पण माझ्या जन्मापासून त्यातून कुणी बार काढलेला नव्हता.

मला धास्ती आप्पांच्या उजव्या हाताची. जुनी बंदूक हातातच फुटून बोटं गेलेला माणूस मी पाहिला होता. "आधी जाणकाराला दाखवा, न्हायतर मी बोहल्यावर चढणार न्हाय," मी बजावलं. आप्पा फुगून बसले. पण शेवटी रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून माझ्याबरोबर एस.टी.त चढले.

कन्हेरीचे गेणबा हवालदार पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचे. रिटायर झाले तरी तोरा पलटणीतलाच. त्यांनी लायसन बघितलं, नळी भिंतीकडं धरून रिव्हॉल्व्हर उघडलं, गोळ्यांची घरं रिकामी असल्याची बोटानं खात्री केली आणि मगच तोंड उघडलं.

"आप्पासाहेब, ह्ये विलायती न्हाय. बेल्जमचं हाय." त्यांनी अंड्याच्या आकाराचा बारीक शिक्का दाखवला. "इंग्रजी मालाची नक्कल. तवा लई यायची."

"साहेबानं दिल्यालं हाय," आप्पा म्हणाले.

"साहेबानं बी स्वस्तात घेतलं आसंल."

आप्पांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. गेणबांनी गोळ्यांचं चक्र हलवून बघितलं, घोडा ओढून बघितला. दोन्ही ठीक निघाले, तसे आप्पा पुन्हा ताठ बसले. मग गेणबांनी नळी खिडकीकडं धरून मागून डोळा लावला.

"उजेड दिसत न्हाय," ते म्हणाले.

सळई घातली, ती मधेच अडली. गरम पाणी झालं, तेल झालं. बऱ्याच खटपटीनं परातीत एक काळपट पिवळा खडा पडला. गेणबांनी तो हुंगला. "ह्यो गूळ हाय का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं. खंडेनवमीला अवजारं पुजतात, हळद-कुंकू वाहतात, ते सगळेच करतात. पण माझी आई, मुक्ताबाई, दर वर्षी रिव्हॉल्व्हरचं तोंडही गोड करायची. तुपात कालवलेला गूळ थेट नळीत, तोही आमच्याच उसाचा. त्या कपाटाला मुंग्या का लागतात, याचा आम्ही किती वर्षं शोध घेत होतो.

"बार काढला आसता तर गोळी हितंच आडली आसती," गेणबा म्हणाले. "नळी फुटून पंजा गेला आसता. आता आतनं गंजलीया बी. पुजा करा, बार इसरा."

परतताना आप्पा स्वतःचा पंजा उलटसुलट करून बघत होते. घरी आईला सगळं सांगितलं. "मग खंडेनवमीला त्याला उपाशी ठेवायचं व्हय?" ती म्हणाली.

लग्नात अक्षता पडल्या. पाव्हणे बार कधी म्हणून विचारत राहिले, आप्पा ऐकू न आल्यासारखे उभे. पाठवणीला मी वाकले, तेव्हा त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला. त्यांची बोटं ओठांना लागली, सगळीच्या सगळी, आणि मला रडू फुटलं.