माझा न विझणारा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. वय वर्षे चौदा. गोष्ट जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. पण मला आधी एक मंगळवार सांगायचा आहे, कारण त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नव्हतं.

त्या सकाळी रायभान अण्णांनी मला अंगणात पुसलं आणि बॉनेटवर थाप मारली. निवृत्त होईपर्यंत ते जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते. हात लावून पाहिल्याशिवाय त्यांना कशाचीच खात्री पटत नसे. शेजारच्या सीटवर त्यांची बायको जयवंताबाई बसल्या, मागे मोसंबीची गोणी आणि ज्वारीचं पीठ. वाटूरहून आम्ही जालन्याला लेकीकडे निघालो. त्यांची लेक सुमेधा तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे.

पिठाचा डबा घ्यायला सुमेधा खाली आली, खिडकीतून आत वाकली आणि थबकली. माझ्या डॅशबोर्डवर एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. तिने ती नखाने काढली. खाली माझा लाल दिवा जळत होता: बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा.

"एअरबॅगचा दिवा लागलाय, आणि तुम्ही त्याच्यावर टिकली लावली, अण्णा?"

अण्णा काचेतून समोर बघत राहिले. "लई डोळ्यावर येत होता."

"धडक बसली तर एअरबॅग उघडणार नाही. आई शेजारी बसते तुमच्या. इतका निष्काळजी माणूस मी पाहिला नाही."

जयवंताबाई काही बोलायला गेल्या. अण्णांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बरं बाई, बघतो," एवढंच ते म्हणाले.

एरवी सुमेधा आम्ही वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी राहायची. त्या दिवशी ती डबा घेऊन वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात धार काढता काढता अण्णा कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्रांनो, मी कारखान्यातून निघाले तेव्हा वाटूरच्या आमच्या गल्लीत एअरबॅग असलेली मी पहिलीच. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या पोटात पिशव्या आहेत. येळ आली की फुगतात अन् माणसाला झेलतात." मी नवरदेव नेले, बाळंतिणी आणल्या, एकदा तर पाय मोडलेलं वासरू मागच्या सीटवर निजवून आणलं. त्या सगळ्या वर्षांत माझ्या पिशव्यांवर फुगायची वेळ कधी आली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो अण्णांमुळे आहे. मग गेल्या वर्षी माझा दिवा लागला. आम्हा गाड्यांना बोलायला तोंड नसतं. असतो तो एवढासा दिवा. त्याने दुखतंय एवढं सांगता येतं, कुठे ते नाही.

अण्णा गेल्यावर मी दीड महिना ताडपत्रीखाली होते. माझ्यावर शेळ्या चढल्या, टायरमधली हवा उतरली. सुमेधा दर रविवारी यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. अण्णांशी बोललेला तिचा तो शेवटचा शब्द माझ्याच दारात उच्चारला गेला होता. पुढे आईला जालन्याला न्यायचं ठरलं, तेव्हा तिला मला हात लावावाच लागला. तिने आईला मागच्या सीटवर बसवलं आणि मला आधी वाटूरच्या चौफुलीवर ओमप्रकाशच्या गॅरेजात आणलं.

ओमप्रकाशने हात पुसत मला पाहिलं. "अण्णांची गाडी. बुधवारी मी दुपारपर्यंत वाट बघून राह्यलो व्हतो, ताई. मंग कळलं."

"कसली वाट?"

"मंगळवारी सांजच्याला आल्ते की. तिसरी खेप होती त्यायची. पहिल्या खेपेला मी म्हणलं, दिव्याची वायरच तोडतो, झंझट खतम. तर मलाच झाडलं. म्हणले, लंगडी गाय बाजारात इकायची असली म्हंजे लोक असंच दुखणं झाकतेत. मंगळवारी म्हणले, तपासायचं मशीन जालन्याहून उद्याच्या उद्या आण, लेक रागावली हाय, अन् बराबर रागावली हाय."

सुमेधाने माझ्या दारावरची धूळ हाताने पुसली.

ओमप्रकाशने बॅटरीची वायर काढली आणि स्वस्थ बसून राहिला. "एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला घाईनं हात लावायचा नसतो, आधी आतली वीज उतरू द्यायची," तो म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर त्याने डाव्या सीटखाली डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "मावशी, हितं कोण बसतं?"

"मीच की."

"मांडी घालून?"

"मंग काय पाय लोंबकळत ठिवू? मुंग्या येत्यात."

"म्हणून अण्णा सीट पार मागं सारायचे. मागं पोतं ठिवायचं असलं की पुन्हा पुढं. ओढून ओढून वायरीचा जोड ढिला झाला. दिवा तुमच्या मांडीनं लावला, मावशी."

"घ्या. जल्मभर मांडी घातली, कुठं दिवा लागला न्हाई," जयवंताबाई म्हणाल्या. सुमेधाला हसू फुटलं. दीड महिन्यातलं ते पहिलं हसू.

मग जयवंताबाई हळूच म्हणाल्या, "टिकली बी मीच लावलती. तो लाल डोळा माझ्याकडं बघून राह्यल्यावाणी वाटायचा. हे नको म्हणत होते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. त्यायनी हात धरला. वाटंनं मला म्हणले, तिला आपलीच काळजी हाय, म्हणून तोंडातून निघालं. तिचा राग तुझ्यावर कामून पडू द्यायचा?"

ओमप्रकाशने जोड घट्ट बसवला, वायर पट्टीने बांधली, जालन्याहून आणलेलं मशीन लावून माझ्या आठवणीतली बिघाडाची जुनी नोंद पुसली. मग त्याने सुमेधाला चावी फिरवायला सांगितलं. माझा दिवा लागला. ती वाकून बघत होती. पाच-सहा सेकंद गेले आणि तो विझला. तिने गाडी बंद करून पुन्हा दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा विझला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मित्रांनो, आमचा दिवा लागला तर तो झाकू नका, तोडू नका. खाली वाकून दुखणं शोधा. बहुतेकदा ते एखाद्या ढिल्या जोडाएवढंच असतं. आणि जो गाडी चालवतो तो बेफिकीर आहे, असं ठरवण्याआधी तो कुठे कुठे जाऊन आला, ते विचारा.

ओमप्रकाश हात धुवायला गेला, जयवंताबाई शेजारच्या दुकानात पानसुपारी घ्यायला. आम्ही दोघीच उरलो. सुमेधाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "चुकलं माझं. तुमच्याइतका जपणारा माणूस मी पाहिला नाही."