हरणीचा रिपोर्ट

रिपोर्ट वाचून झाला तरी जीवराम उभाच होता. यात्रा समितीच्या सचिवाने कागद त्याच्यापुढे सरकवला. यात्रेतल्या शर्यतीत पहिला आलेला रतिलालचा घोडा निर्दोष ठरला होता. दुसऱ्या आलेल्या त्याच्या घोडीच्या, हरणीच्या लघवीत दुखणं दाबणारं औषध सापडलं होतं. दोन वर्षं बंदी.

"मी तिले काहीच दिधं नही," एवढंच तो म्हणाला.

जीवराम नरडाण्याच्या एका कारखान्यात वॉचमन होता. हरणीला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलं. गावच्या यात्रेत ती चार वर्षं दुसरीच येत होती. पुढे जाणारे घोडे इंजेक्शनवर पळतात हे कुणापासून लपलेलं नव्हतं. मागच्या वर्षी पहिला आलेला घोडा पंधरा दिवसांत मेला. तेव्हा जीवरामने घोडेमालकांच्या दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, अर्जांमागून अर्ज दिले आणि यंदा पहिल्यांदा तपासणी झाली.

तो जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला. शर्यतीनंतर रतिलालचा घोडा संध्याकाळपर्यंत थरथरत होता, हे त्यांनीही पाहिलं होतं. पण प्रयोगशाळा यादीतली आठच औषधं शोधते, बाकीची शोधतच नाही, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

घरी त्याने बायकोला, लताबाईला सगळं सांगितलं. समितीनेच नमुन्याच्या बाटल्या बदलल्या असतील, असं तो म्हणाला.  ती म्हणाली, "तिना गुडघा सुजेल व्हता. मन्हा गुडघाना मलम मी तिले लावं. चार दिन."

जीवरामने रिपोर्टचा कागद पुन्हा उघडला.

"तुम्हले सांगतू, तर तुम्ही तिले पळू देतात नही," ती म्हणाली. समितीपुढे येऊन सांगते, असंही म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. त्या लोकांनी तिला हसलेलं त्याला चाललं नसतं.

दिवाळीनंतर समितीची बैठक झाली. रतिलाल उठला आणि अगदी आपुलकीने बोलला, "जीवरामभाऊवर अन्याय व्हयना. तपासणीच बंद करी टाकूत. मंग त्यानी बंदीबी उठी." सगळ्यांनी हात वर केले. जीवरामच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनीही केले. जीवरामचे हात मांडीवरच राहिले. सचिवाने मोजणी केली आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचं लिहिलं.

पुढच्या यात्रेच्या दिवशी जीवराम हरणीला घेऊन शेतात गेला. रिपोर्ट आल्यापासून तो तिला पळवत नव्हता. बंदी उठल्यामुळे समितीने तिचं नाव यादीत घातलं होतं. मैदानावरच्या भोंग्यातून ते तीनदा पुकारलं गेलं. हरणीने कान टवकारले, पुढचा पाय आपटला. जीवराम तिच्या पाठीवरून खरारा फिरवत राहिला. मग शर्यत सुटल्याचा गलका झाला, आणि तिची कातडी त्याच्या हाताखाली थरथरली.