गंगव्वाचं किडुकमिडुक

सत्तरी ओलांडलेली गंगव्वा पहिल्यांदाच विमानानं निघाली होती, बेंगळूरला मुलाकडं. सोबत मुलगी उपासना, निपाणीच्या कॉलेजात मराठी शिकवणारी. सांबऱ्याच्या विमानतळावर सगळ्यांचं सामान यंत्रातनं पार झालं, गंगव्वाची पिशवी तेवढी बाजूला निघाली.

तपासणीवरच्या बाईंनी पिशवीतनं कापडाची पुरचुंडी वर काढली आणि यात काय आहे, असं कन्नडमधनं विचारलं.

"काय न्हाय बाई. किडुकमिडुक."

त्या बाई हासनकडच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण सुरुवातीची दोन अक्षरं मात्र ओळखीची वाटली.

"किडि?" हात मागं घेत त्या म्हणाल्या. कन्नडात किडि म्हणजे ठिणगी.

उपासनाचं धाबं दणाणलं. लहानसहान दागिने आहेत हो, असं तिनं घाईघाईनं कन्नडमधनं सांगितलं. पुरचुंडी सोडली. एक जोडवं, सुटे काचमणी, तान्ह्या बाळाचा वाळा, नाकातली खड्याची चमकी. चमकी उजेडात धरून बाई हसल्या. "ही ठिणगीच की!" म्हणाल्या आणि जपून पुन्हा गाठ मारून दिली.

विमानाची वाट बघत दोघी बसल्या.

"आई, खरंच कन्नडातनं आला असंल का गं हा शब्द?"

"मला काय ठावं? मराठी तू शिकिवतीस न्हवं?"

"अर्थ म्हायती हाय. कुठनं आला ते मलाबी ठाम सांगता यायचं न्हाय."

"माझी आय म्हणायची बघ. सोनं म्हणावं असलं घरात काय नव्हतंच. जे हुतं ते किडुकमिडुक." गंगव्वानं पुरचुंडी सोडून चमकी तळहातावर घेतली. "वखारीत तंबाखूच्या कामाला जात हुते तवा तुझ्या आप्पानं चिकोडीच्या बाजारातनं आणलती. खडा खोटा हाय. पर लई मिरवलं मी."

आईच्या नाकात चमकी उपासनानं कधी पाहिलीच नव्हती. "मग घालायची का सोडलीस?"

"तुझा आप्पा गेला, काढून ठिवली. तू रांगत हुतीस."

"आता घाल की."

गंगव्वानं इकडं तिकडं बघितलं, पदराआड नाकाशी बराच वेळ खटपट केली. मग हसायलाच लागली. "भोक बुजलंय गं!" हसता हसता तिनं डोळे पुसले. "बेंगळुरात नाक टोचणारा सोनार असंल न्हवं?"

तिसऱ्या दिवशी लेकानं तिला सोनाराकडं नेलं. परतल्यावर ती दिवसभर लई दुखतंय म्हणत राहिली, आणि आरशापुढनं काही हलली नाही.