सातवा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. तळहाताहून थोडा मोठा. माझ्यावर नऊ पट्टे रंगवलेले आहेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पहिला दुधावरच्या सायीसारखा, मग एकेक गडद होत गेलेला, आणि नववा करपलेल्या गुळासारखा. आज मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा कसला गडद? बरोबर आहे तुमचं. तेच सांगायचं आहे.

मी मूळचा शर्टाच्या खोक्यातला. मला रंगवलं ती बाई रंगाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं आणि ती नुसतं डोळ्यांनी बघून तोच रंग मिसळून द्यायची. तिचा नवरा सुतार. घरामागे त्यांनी मारान्स जातीच्या कोंबड्या पाळल्या होत्या. या कोंबड्या अंगानं काळ्या असतात. कोंबड्याच्या मानेवर तांब्याच्या रंगाची पिसं येतात, पायांच्या बाहेरच्या बाजूला थोडी पिसं असतात, आणि अंडं असतं गडद तपकिरी. तिन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात नीट उतरणं फार कठीण. नवऱ्याला पाय आणि मान हवी होती. बायकोला अंडं.

"अगं, याच्या पायाची पिसं बघ, काय झुपकेदार आहेत!"

"पिसं बघून काय करू? अंडी घालणार आहेत का ती?"

"कोंबडा तरी कुठे घालतो अंडी?"

"म्हणूनच तो कुठल्या अंड्यातून निघाला ते बघायचं असतं, अहो. बापाकडूनही लेकींना रंग येतो."

त्यासाठीच तिनं मला बनवलं. अंडं माझ्या पट्ट्यांना लावून पाहायचं. सातव्या पट्ट्याइतकं किंवा त्याहून गडद असेल तरच उबवणीच्या पेटीत ठेवायचं, बाकीची खायची. अंड्यावर पेन्सिलीनं आकडा लिहायचा, पिल्लाच्या पायात त्याच आकड्याचं कडं घालायचं.

माझा नववा पट्टा वाळला तेव्हा ती म्हणाली, "हा पुठ्ठा डब्यातच ठेवायचा हं. यातला लाल उन्हाला टिकत नाही. आधी तोच उडतो."

"हं," सुतार म्हणाला. तो ओट्यावर बसला होता आणि मांडीत कोंबडा उलटा धरून त्याच्या पायांची पिसं मोजत होता.

तेव्हापासून मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिलो. सकाळी झाकण उघडायचं, दाराच्या सावलीत पाचदहा अंडी माझ्यावर टेकायची, झाकण लागायचं. बारा वर्षं असं चाललं. तिच्या कोंबड्या आठचं अंडं देऊ लागल्या. एक कोंबडा तर नऊच्या अंड्यातला होता, पण पाय अगदी बोडके. सुतार त्याला 'अनवाणी' म्हणायचा. बायको म्हणायची, "त्याच्याकडे बोट नाही दाखवायचं. तो माझा जावई आहे."

मग ती आजारी पडली. शेवटी बोलणं थोडं राहिलं होतं, त्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, "सातच्या खालचं उबवू नका." त्यानं शब्द दिला.

मित्रांनो, त्यानं तो पाळला. एक दिवस चुकला नाही.

ती गेल्यावर त्यानं मला डब्यातून काढलं. तिच्या हाताचे रंग, ते डब्यात कशाला? त्यानं सागाची चौकट केली, काच बसवली आणि मला खिडकीशेजारी टांगलं. तिथे दुपारचं ऊन तीन तास पडतं. येणाराजाणारा म्हणायचा, काय सुंदर चौकट! मीही फुगलो. माझा लाल उडत होता हे मला कळलं नाही, आणि रोज पाहणाऱ्याला तर मुळीच नाही.

दुसऱ्या वर्षी सगळीच अंडी सातच्या वर भरू लागली. सुतार खूश झाला. तिच्या फोटोसमोर म्हणाला, "बघ, तुझा रंग पक्का बसला. आता जरा पायांकडे बघू का?" त्यानं अनवाणीला खाटकाकडे दिलं आणि झुपकेदार पायांचा, तांबड्या मानेचा कोंबडा ठेवला. तिच्या म्हाताऱ्या कोंबड्या एकेक करून गेल्या. पेटीत अंडी जात राहिली, आकडे लिहिले जात राहिले. सात. सात. आठ.

चौथ्या वर्षी धाकटी मेहुणी आली. "भाऊजी, ताईच्या रंगाची बारा अंडी द्या. मीही उबवते."

त्यानं टोपली पुढे केली. ती बघत राहिली. "ही कुठली? भाऊजी, ही बाजारातली दिसतात."

"सातची आहेत सगळी. तक्त्याला लावून बघ ना!" तो चिडला.

तिनं पिशवीतून बटणांची डबी काढली. कापसात बहिणीनं दिलेलं एक पोकळ अंडं होतं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ७. अक्षर तिचंच. मेहुणीनं ते काचेवर टेकवलं. ते माझ्या नवव्या पट्ट्याहून गडद होतं.

सुतारानं मला उतरवलं, पालथं घातलं, खिळे काढले आणि चौकटीतून सोडवलं. चौकटीच्या लाकडाखाली झाकलेली माझी कड, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, तशीच राहिली होती. तिनं रंगवली तशी. त्यानं टोपलीतलं एकेक अंडं त्या कडेला लावलं. तीन. चार. तीन. सगळी टोपली झाली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"बारा वर्षं लागली होती तिला," तो म्हणाला. मेहुणी म्हणाली, "पुन्हा करू, भाऊजी." तो म्हणाला, "कशातून? तिची एक कोंबडी उरली नाही. जावई मीच खाटकाला दिला."

मेहुणी निघून गेल्यावर त्यानं मला डब्यात ठेवलं. झाकण लावता लावता फोटोकडे बघून तो म्हणाला, "सांगायचंस तरी, अगं."

तिनं सांगितलं होतं. मी तिथे होतो. मला बोलता येत नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

पण तुम्हाला सांगतो, मित्रांनो. कुणाच्या हाताची वस्तू मिरवू नका, त्या माणसानं ठेवली होती तशी ठेवा. आणि घरातलं माणूस काही सांगत असेल, तर मांडीतला कोंबडा खाली ठेवा आणि ऐका.